राऊटर आहे ना, मग फायरवॉल कशाला?

आमच्या सीवूड्सच्या घरात लॅपटॉपवर वाय-फायची यादी उघडली की वीस-बावीस नावं दिसतात. कोणी आडनाव दिलंय, कोणी मुलीचं नाव, एकाने तर 'स्वतःचं घ्या' असंच ठेवलंय :) थोडक्यात, घरटी राऊटर आलाय. आणि त्याच्या मागोमाग नातेवाइकांचा प्रश्न: "राऊटरमध्ये फायरवॉल असतेच ना, मग कॉम्प्युटरवरची बंद केली तर काय बिघडलं?"

प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. राऊटर म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. बाहेरच्या जगाला तो सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दाखवतो, आणि आतून कोणी मागवलं नसेल ते सहसा आत सोडत नाही. नुसतं एवढ्यानेही बरंच काम होतं. ज्यांनी २००३ चा ऑगस्ट पाहिलाय त्यांना हे पटेल. तेव्हा केबलवाल्याची वायर गच्चीवरून गच्चीवर जायची आणि थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेली असायची. मध्ये वॉचमन नाहीच. ब्लास्टर नावाचा वर्म आला, आणि स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायला लागले. गंमत म्हणजे विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण मुळातच बंद ठेवलेली! मायक्रोसॉफ्टने २००४ च्या ऑगस्टमध्ये सर्व्हिस पॅक २ काढला, तेव्हा कुठे ती आपोआप चालू झाली.

पण त्या केबलच्या दिवसांत आणखी एक प्रकार होता. 'माय नेटवर्क प्लेसेस' उघडलं की शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणाचे तरी लग्नाचे फोटो दिसायचे. सगळे एकाच जाळ्यात, म्हणजे सगळे गेटच्या आतच. आता आतल्या माणसाला वॉचमन कशाला अडवेल?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीची ईमेल गेली. तपास येऊन पोचला सानपाड्यात, म्हणजे आमच्यापासून तीन स्टेशनांवर, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटपर्यंत. त्याचा काही संबंध नव्हता, त्याचं उघडं वाय-फाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. त्या प्रकरणात चर्चा झाली ती वाय-फायला पासवर्ड हवा याची. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच राहिलं. ज्याला वाय-फाय मिळालं तो राऊटरच्या लेखी घरातलाच माणूस!

दुसरं उदाहरण खाडीपलीकडचं, न्हावा-शेवा बंदरातलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या पसरला आणि मर्स्क कंपनीशी संबंधित तिथलं एक टर्मिनल अडकलं. सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये, हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे पाहुणा रीतसर दारातूनच आला, आणि मग आतल्या आत एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. मर्स्कला ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

"आपण काय मर्स्क आहोत का?" हे आमच्या काकांचं वाक्य. काका सोसायटीचे खजिनदार. अकरा वर्षांचा मेंटेनन्सचा हिशेब, पावत्या, सभासदांचे फोन, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर. गेल्या दिवाळीच्या सुमारास प्रिंटर जोडायला एक मुलगा आला. काकूंच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघेना, म्हणून त्याने दोन्हीकडची फायरवॉल बंद केली, हिशेबाचा फोल्डरही शेअर करून ठेवला आणि वर सांगून गेला, "राऊटर आहे ना काका, काही होत नाही." आणि त्याच घरात काकूंच्या दहावीच्या गणिताच्या शिकवण्या! आठ-दहा मुलं, प्रत्येकाचा फोन, कोणाचा लॅपटॉप, आणि वाय-फायचा पासवर्ड फ्रिजवर कागदावर चिकटवलेला.

मी हे बोललो तर काका चिडलेच. "माझ्याकडे येणारी पोरं चोर नाहीत."

नाहीतच. पण पोराच्या लॅपटॉपवर काय बसलंय हे पोरालाही माहीत नसतं, आणि सर्वसाधारण सभेत हिशेब विचारणार ते काकांना. यावर ते गप्प बसले. मग फायरवॉल चालू केली, प्रिंटरपुरती परवानगी दिली, फोल्डरचं शेअरिंग काढलं. प्रिंट निघाली. दहा मिनिटांचं काम, त्यात चहाही झाला. मुलांसाठी राऊटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करून दिलं. हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवली. कारण फायरवॉल असली तरी ईमेलमधली फाइल आपणच उघडली तर ती काय करणार?

मग आणखी एक फायरवॉल विकत घ्यावी का? माझं मत, साध्या घराला नको. पूर्वी झोनअलार्म दर दोन मिनिटांनी विचारायचा, अमुक प्रोग्रॅमला नेटवर जायचंय, जाऊ देऊ? आमची आई प्रत्येक वेळी 'हो' म्हणायची, अगदी भाजीवाल्याला म्हणावं तसं. असल्या विचारण्याचा उपयोग काय? विंडोजची आहे ती पुरते, फक्त बंद करू नका. मॅकवाल्यांनी एकदा सेटिंगमध्ये डोकावावं, तिथे ती बहुधा आपल्यालाच चालू करावी लागते.

आणि हो, नवीन जोडण्यांवर आता आयपीव्ही-सिक्सही मिळतं. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो, त्यामुळे एका पत्त्याआड सगळं घर लपण्याची जुनी सोय तिथे नाही. राऊटरची फायरवॉल नीट लावलेली आहे की नाही, यावरच सगळी भिस्त. आणि लॅपटॉप घेऊन स्टेशनवर किंवा मॉलमध्ये बसलात तर तिथे तुमचा राऊटर नसतोच. तिथलं नेटवर्क 'पब्लिक' म्हणूनच निवडायचं.