भावाचे वय वजा दहा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका मोजायचा तो एवढ्यासाठी, की काहीही त्रास नसलेल्या माणसाची तपासणी करायची का, कोणती आणि कोणत्या वयात, हे ठरावे. शौचावाटे रक्त जाणारा माणूस या हिशेबात बसत नाही. त्याला गुण नकोत, निदान हवे. हिंगोली जिल्ह्यात गल्लत होते ती इथेच. रक्त दिसले की मूळव्याध, हे घरातच ठरते आणि ‘मूळव्याध-भगंदर’ अशी पाटी लावलेल्या दवाखान्यात महिनेच्या महिने जातात. माझ्या थोरल्या भावाचे तसेच गेले. निदान झाले तेव्हा तो 46 वर्षांचा होता.

मग हिशेब माझ्यावर आला. आशिया-पॅसिफिक देशांसाठी तयार झालेली एक सोपी गुणपद्धती 2011 पासून वापरात आहे. वय 50 ते 69 असल्यास 2 गुण, 70 पासून पुढे 3, पुरुषाला 1, आई-वडील, भावंडे किंवा मुलांपैकी कुणाला हा रोग असल्यास 2, धूम्रपानाला 1. चार किंवा अधिक म्हणजे जास्त धोका. माझे वय 39, बिडी-सिगारेट नाही. मला 3 गुण पडले, म्हणजे धोका मध्यम. चुना-तंबाखूचे ही पद्धती विचारतच नाही, आणि आमच्याकडे व्यसन म्हणजे तेच.

त्याहून मोठी उणीव अशी, की नातेवाइकाला रोग कितव्या वर्षी झाला, हेही तिला नको असते. प्रचलित वैद्यकीय नियम मात्र त्यावरच उभा आहे: रक्ताच्या जवळच्या नात्यात साठीच्या आत रोग झाला असेल, तर कोलोनोस्कोपी 40 व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयातून 10 वजा करून, जे आधी येईल तेव्हा. 46 मधून 10 गेले, 36 उरले. ती वेळ कधीच टळून गेली होती.

अमेरिकेत 2021 पासून सरसकट 45 व्या वर्षी तपासणी सुचवली जाते. तिथे हा रोग आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासले जाते, आतडे नाही. आशाताईंच्या फॉर्ममधला घरच्या आजारांचा प्रश्नही रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकारापाशी थांबतो.

घराण्याचा इतिहास ही तर आणखी अवघड गोष्ट. वडील ‘पोटात गोळा होऊन’ गेले, एवढेच आईला ठाऊक. कागद एकही नाही. तो गोळा आतड्याचा असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते, आणि मग तपासणी दर एक-दोन वर्षांनी. सुदैवाने भावाच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जपलेला होता. लिंचची शंका तपासणारी एमएमआर प्रथिनांची चाचणी त्यावर केली, ती व्यवस्थित आली.

कोलोनोस्कोपी नांदेडला झाली. दोन दिवस आधीपासून पेरू, टमाटे, भेंडी, बियांचे सगळे बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ, आणि संध्याकाळपासून पावडर घातलेले लिटर-दोन लिटर पाणी. ते पिऊन हिंगोलीहून एसटीत बसणे शक्य नाही, म्हणून मुक्काम नांदेडच्या मावशीकडे. आतडे स्वच्छ निघाले. पुढची तपासणी पाच वर्षांनी.

सेनगावला दिलेल्या बहिणीला गुण 2, पण नियम तोच आणि वय 37. हळद शिजवून झाली की तिची तारीख आहे.