हातोहात

कोल्हापुरात डोळे मिटून चाललं तरी वाट चुकत नाही. थंडीच्या दिवसांत पंचगंगेच्या अंगानं वारा सुटला की उकळत्या रसाचा दाट, गोड, किंचित करपट वास येतो. उद्यमनगरात शिरलं की तापल्या लोखंडाचा आणि काळ्या ऑइलचा. सुभाषनगरात बाभळीच्या सालीत मुरलेल्या कातड्याचा, उग्र आणि मातकट. गुजरीत सोनाराच्या फुंकणीशी, अगदी पुसट, सवागी वितळल्याचा. आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या, पेल्यात पहिली धार वाजली, की कोमट फेसाचा एक असा वास दरवळतो, ज्यानं तालमीतून नुकतंच बाहेर पडलेलं पोरगंही क्षणभर लहान मूल होतं. एका शहराला इतके वास कशाला लागतात?

लागतात.

गुऱ्हाळावर रात्री बसावं. चुलवाणाच्या तोंडाशी चुलव्या बसलेला असतो, मूठ मूठ चिपाड आत सारत, न बघता, न मोजता, जाळाच्या आवाजावर कान ठेवून. वर काहिलीत ज्या उसाचा रस उकळतोय त्याच उसाचं वाळलं चिपाड खाली जळत असतं. आपल्याच देहावर आपण शिजावं, तसं. भेंडीचं चिकट पाणी पडतं, मळी वर येते, झाऱ्यानं ती काढली जाते, आणि रसाचा रंग हिरवट, मातकट, तांबूस असा पालटत पालटत एका घडीला असा उजळतो की कंदिलाची वात फिकी वाटावी. तेव्हा गुळव्या पुढे होतो. तोवर तो जणू कुणीच नसतो. चटका बसेल न बसेल अशा बेतानं तो थेंबभर पाक पाण्यात सोडतो, बोटांच्या चिमटीत त्याची गोळी करून बघतो, आणि एवढंच म्हणतो, "उतरा."

आधण उतरतं. वाफ्यात सोनं पसरतं.

त्या सोन्याचे रवे ट्रॅक्टरवर चढून शहरात येतात. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी. पण गूळ काही एकटा येत नाही. उसाला पाणी हवं, पाणी खाली नदीत, शेत वर माळाला. मग पाणी चढवणारं इंजिन आलं. इंजिन म्हटलं की ते बिघडणार, बिघडलं की दुरुस्त करणारा हात हवा. आणि दुरुस्त करता करता त्या हाताला एके दिवशी वाटलं, हे तर आपणच घडवू. असं उद्यमनगर उभं राहिलं. इंजिनासाठी ओतकाम, ओतकामासाठी पॅटर्न करणारा सुतार, सुताराच्या शेजारी लेथ, लेथच्या शेजारी चहाची गाडी. पुढे विजेच्या मोटारी आल्या, ऑइल इंजिनांची फटफट शिवारातून विरत गेली, पण भट्ट्या विझल्या नाहीत. त्यांनी मुकाट्यानं गाड्यांचे भाग ओतायला घेतले. ओतणाऱ्या हाताला साचा कशाचाही चालतो.

कधी कधी तर हा धंद्यांचा शेजार भलतंच काही जन्माला घालतो. आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. सिनेमाचं वेड दोघांनाही लागलं. आनंदराव १९१६ साली गेले, आणि अर्धं राहिलेलं ते वेड बाबूरावांनी पुरं केलं: सहकारी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथेच, कोल्हापुरात, घडवला. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. मला नेहमी वाटतं, ज्या गावात नुसते चित्रकार असते तिथे एक सुंदर चित्र झालं असतं, आणि नुसते लोहार-सुतार असते तिथे एक चांगलं यंत्र. चित्र हलू लागलं ते दोघांच्या दारांमध्ये भिंत नव्हती म्हणून.

पण हे झालं क्वचितचं नवल. रोजचं नवल याहून साधं आहे, आणि ते पाहायला किराणा दुकानाच्या फळीवर टेकून उभं राहावं लागतं.

"दुधाचं बिल निघालं की देतो."

हे वाक्य मी इथे जन्मभर ऐकत आलो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. कारखान्यातल्या फिटरचा पगार महिन्याला, हातकामाच्या मजुराचा आठवड्याला, हमालाची हजेरी रोज संध्याकाळी. गुळाची पट्टी हंगामात. ऊसबिल यायचं तेव्हा येतं, आणि तोवर घराघरांतल्या लग्नांच्या तारखा त्याची वाट बघत थांबतात. चपलांचं गिऱ्हाईक नवरात्रात आणि मे महिन्याच्या सुट्टीत, अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं. हुपरीच्या चांदीला लगीनसराई. दुकानदाराच्या वहीत ही सगळी पंचांगं एकाखाली एक लिहिलेली असतात. कुणाचा हात कधी ओला आणि कधी कोरडा, हे त्याला तोंडपाठ असतं. म्हणूनच तो उधार देऊ शकतो. आषाढात गुऱ्हाळं गार असतात, गूळवाल्याच्या खिशात वारा असतो. पण त्याच आषाढात हिरव्या वैरणीनं म्हशीच्या कासेला तट लागतो, आणि दहाव्या दिवशी तेच घर दुसऱ्या खिशानं वहीतली ओळ खोडून जातं. एका हातातला पैसा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात. गुळाची नोट गुजरीत जाते, गुजरीतून बंगाली कारागिराच्या खानावळीत, खानावळीतून दूधवाल्याकडे, दूधवाल्याकडून पेंड घेऊन परत शिवारात.

सगळे हात एकाच दिवशी रिकामे होत नाहीत. एवढंच.

हे 'एवढंच' किती मोठं आहे ते मुंबईच्या गिरणगावात फिरताना कळलं. लालबाग-परळमध्ये एके काळी आयुष्य भोंग्यावर चालायचं. पहाटेचा भोंगा, पाळी बदलल्याचा भोंगा. त्यावर चूल पेटायची, त्यावर पोरं शाळेला निघायची, त्यावर खानावळवाल्या बायकांच्या पंगती उठायच्या. पगाराची तारीख एक, म्हणून उधारीचीही तारीख एक. त्या एकसुरात एक जबर ताकद होती. भजनी मंडळं, कामगार रंगभूमी, शाहिरांची डफावरची थाप, सगळं त्या एका तालातून उगवलं. आणि १८ जानेवारी १९८२ ला, संपाच्या हाकेसरशी, सुमारे अडीच लाख माणसांचं घड्याळ एकाच क्षणी थांबलं. गिरणी बंद, म्हणून खानावळ बंद, म्हणून वाण्याची वही बंद. शेजाऱ्याकडे मागावं तर शेजारीही त्याच पाळीतला. माणसं गावाकडे परतली, कोकणात, साताऱ्याकडे, आमच्या घाटावरही. माणुसकी आटली नव्हती. सगळ्यांचा दुष्काळ एकाच तारखेचा होता.

आमचंही घड्याळ एकदा असं थांबलं. ऑगस्ट २०१९. पंचगंगा आपली पायरी विसरून गावात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आणि मुंबईच्या सकाळच्या चहापर्यंत आमच्या पुराची झळ पोचली, कारण दुधाच्या गाड्या अडकल्या होत्या. ऊस पाण्याखाली उभ्या उभ्या कुजला. पुराच्या पाण्यापुढे अनेक पंचांगं असून काय उपयोग? पाणी उतरू लागलं तेव्हा उत्तर मिळालं. म्हैस काही पूर आहे म्हणून पान्हा चोरत नाही; पहिलं दूध सुरू झालं. मग मोटार रिवाइंडिंगवाल्यांच्या दारात चिखलानं माखलेल्या मोटारींची रांग लागली, आणि ज्यांचं सगळं बुडालं होतं त्यांच्या बुडण्यावरच ज्यांना काम मिळालं त्यांनी इतरांना आधी चहा आणि मग उसनं दिलं. मग लेथ पुसले गेले. मग बुरशी झटकलेली कातडी उन्हात पडली. ऊस सगळ्यांत शेवटी, पुढच्या लागणीला. गाव एकदम उठून उभं राहिलं नाही. एकेक धंदा उठला आणि त्यानं शेजारच्याला हात दिला.

अर्थात हे हातही सारखे नाहीत. चपलेच्या वेणीचे पदर घरात बसून विणणाऱ्या बाईची बोटं काळवंडतात, आणि काचेच्या दुकानातली किंमत तिच्या ओट्यापर्यंत येता येता बारीक होत जाते. शिवाय कुणी कोणता धंदा करावा हे इथेही कित्येक शतकं जन्मच ठरवून टाकत होता. धंदे नाना होते, पण प्रत्येकाच्या दाराला बाहेरून कडी होती. म्हणून मला गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल फार मोलाचं वाटतं. अस्पृश्य मानलेल्या माणसानं भाऊसिंगजी रोडवर चहाचा धंदा मांडला, आणि हातचा चहा कोण पिणार या प्रश्नाला उत्तर म्हणून खुद्द शाहू महाराज तिथे गाडी थांबवून चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. एका कपानं किती पैसा फिरला असेल? काही आणेच. पण ज्या हाताला शिवायचंच नाही त्या हातात नोट फिरणार कशी? गावातली फिरती साखळी तिथे तुटलेली होती, आणि त्या दिवशी एका कपानं तिचा एक दुवा सांधला गेला.

आता नवे हात येताहेत. चांभाराची नात संगणकावर साच्यांची चित्रं काढते, गुळव्याचा पोरगा रात्री घरोघरी जेवण पोचवतो, आणि माळावर मधूनमधून एखाद्या प्रचंड कारखान्याची अफवा उठते, जो आला की म्हणे सगळ्यांचं भलं होणार. येवो बापडा. फक्त त्यानं आमची पंचांगं पुसून स्वतःचा एकच भोंगा लावू नये. गावात पैसा किती आला याचा हिशेब सरकारदरबारी असतो. महामार्गाला लागण्याआधी तो किती उंबऱ्यांवर मुक्काम करून गेला, हे मात्र वाण्याच्या वहीतच सापडतं.

परवा दुकानात एक पाहुणे आले होते, परगावचे, चौकस. त्यांनी सहज विचारलं, "कोल्हापूरचा मुख्य धंदा कुठला हो?"

दुकानदारानं वहीतून मान वर केली आणि अगदी गंभीरपणे उलट विचारलं, "कुठल्या म्हैन्यात इचारताय?"