तार कुठं जोडली हाये?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा इंग्लिशच्या वळणाने येतं, तेव्हा सांभाळून घ्या. विषय मात्र अस्सल गावचा आहे. माझा मामा ब्रह्मपुरी तालुक्यात फॉरेस्ट गार्ड आहे. गावात त्याला नाकेदार म्हणतात.

मला इलेक्ट्रिकलला ॲडमिशन मिळाली तेव्हा घरात सगळ्यात खूश तोच झाला. म्हणाला, "बरं झालं. आता तारेतलं मले तू समजावून सांग." कारण त्याच्या बीटमध्ये शिकार बंदुकीने कमी आणि तारेने जास्त होते. धान राखायला रात्री वावराभोवती उघडी तार बांधायची, लाईनवर आकडा टाकायचा आणि करंट सोडून द्यायचा. नेम रानडुकरावर असतो. पण कधी गाय मरते, कधी माणूस, कधी वाघ. २०१७ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या नागभीड भागात 'जय'चा मुलगा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ, अशाच तारेने गेला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. फास लावणं, नुसता प्रयत्न करणं, हेसुद्धा त्यात येतं. गार्डाला माफ करायचा अधिकार नाही. तडजोड करायची तर ती वरच्या साहेबांनी, आणि तीही सगळ्या गुन्ह्यांत नाही. पण पहाटे पाच वाजता धुऱ्यावर साहेब नसतो, काठी घेऊन मामा एकटा असतो. त्याने पाहिलं तर गुन्हा, नाही पाहिलं तर काहीच नाही. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, रात्री गेटवर वॉचमनकाका काय करतात ते आपल्याला माहीत आहे. (फक्त तिथे वाघ मरत नाही.)

मामा आधी तार वाचतो. कशाला जोडली आहे? झटका मशीनला असेल तर पुढे चालू लागतो. त्यात व्होल्टेज जास्त असलं तरी धक्का क्षणभराचा, सेकंदाला एखादा, त्यामुळे जनावर दचकून पळतं. थेट लाईनचा करंट मात्र सोडत नाही. हे मी त्याला समजावलं, पण त्याला ते मेलेल्या जनावरांवरून आधीच कळलेलं होतं. मग तो बघतो, तार धुऱ्यावर आहे की पाणवठ्याच्या वाटेवर. "धुऱ्यावरची तार पीक राखते, पाणवठ्यावरची मटण," असं त्याचं म्हणणं. पण लाईनवर आकडा दिसला की धुरा असो की काही असो, पीओआर ठरलेला. तिथे तो ओळखही दाखवत नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्याने सशासाठी फास लावले होते. मामाने ते उपटून जाळले, पीक खाल्लं तर पंचनामा कसा करून घ्यायचा ते सांगितलं आणि निघून आला. मी म्हटलं, हे कायद्यात बसतं का?

"नाही बसत. पण त्याच्यावर केस केली तर उद्या मले कोण सांगन, नाल्यात जनावर मरून पडलं हाये म्हणून?"

मला हे पटलं. ओढ्यात गळ टाकून बसलेल्या पोरांनाही तो असाच नुसता हाकलतो. तरी मी विचारलं, "मामा, तो म्हातारा आपल्या गावचा नसता, फासेपारधी असता तर?"

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांनाही त्यात घातलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला. हे मला पुस्तकातून माहीत होतं, मामाला नोकरीतून.

तो जरा थांबून म्हणाला, "तर झोळी तपासली असती. अन् काही सापडलं नसतं तरी नाव वहीत लिवलं असतं."

"काहून?"

"ओळखीचा नाही ना तो."

ती वही मी पाहिली आहे. तीत आमच्या गावातल्या एकाचंही नाव नाही.