आमच्या फटफटीचें दुखणें

वार्षिकाच्या संपादकांनीं लेखासाठीं दुसऱ्यांदा निरोप पाठविला, तेव्हां आम्ही अंगणांत गुडघे टेकून बसलों होतों. दुरून पाहणाऱ्यास तें प्रार्थनेचें आसन वाटलें असतें. परंतु आमच्यापुढें होती आमची जुनी फटफटी, आणि हातांत होती तिच्या कार्बुरेटरची वाटी. एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर लिहावें असा आमचा मानस होता. तो सोडून आम्ही या वाटीविषयींच लिहितों. विद्यार्थ्यांस यांत पदार्थविज्ञानाचा एक धडा सांपडेल, व शिक्षकबंधूंस आमची एक चूक सांपडेल.

ही गाडी आम्हीं २००६ सालीं घेतली. तिचें इंजिन शंभर सी. सी.चें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, तेव्हांपासून नव्या मोटारसायकलींत विजेच्या आज्ञेनें पेट्रोल फवारणारी योजना आली व कार्बुरेटर मागें पडला. तरी जुन्या गाड्या रस्त्यांवर पुष्कळ आहेत. आणि शिक्षकास नवी गाडी घेणें हें पावसाळ्यापूर्वीं छत्री घेण्याइतकें सोपें नाहीं.

कार्बुरेटरचें काम थोडक्यांत सांगतां येतें. हवा व पेट्रोल योग्य प्रमाणांत एकत्र करून तें मिश्रण त्यानें इंजिनास पुरवावयाचें. शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास, वजनानें मोजल्यास, एका भागास सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण राखण्याची युक्ति मोठी सुरेख आहे. वर्गांत आम्ही मुलांना कागदाचे दोन तुकडे जवळजवळ धरून त्यांच्या मधून फुंकर मारावयास सांगतों. कागद दूर जातील असें सर्वांस वाटतें. पण ते एकमेकांकडे ओढले जातात. कार्बुरेटरांतहि असेंच घडतें. त्याच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि खालच्या वाटींतलें पेट्रोल पितळेच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे जेटांतून, वर ओढलें जाऊन हवेंत फवारलें जातें. वाटींत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसें भरलें कीं तो वर येतो व सुईनें वाट बंद करतो. गाडी जागच्या जागीं चालू असतांना इंजिन लहान जेटावर श्वास घेतें, व वेगांत मोठ्या जेटावर. लहान जेटाचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षांहि बारीक असतें. मनुष्याचा सकाळचा स्वभाव एवढ्याशा भोकावर अवलंबून असावा, हें नवल होय!

२०२४ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहा आठवडे गांवीं होतों. गाडी पडवींत उभी राहिली. शाळा उघडण्याच्या दिवशीं पुष्कळ किका मारल्यावर ती सुरू झाली. पण चोक ओढलेला असे तोंवरच चाले, आणि चोक सोडला कीं प्राण सोडी. आम्ही पदवीधर, शास्त्र शिकवितों. आम्हीं तत्काळ निदान केलें कीं मिश्रणाचा स्क्रू बिघडला आहे. पेचकस घेऊन तो इकडे फिरविला, तिकडे फिरविला; समाधान होईना म्हणून शेजारचाहि फिरविला; नवा प्लग आणून बसविला. चार दिवसांनीं गाडी चोकवरहि चालेनाशी झाली. पांचव्या दिवशीं ती ढकलीत आम्ही नाक्यावरच्या एका गॅरेजांत नेली.

तेथें काम करीत बसलेला तरुण उठून उभा राहिला व "नमस्कार, सर" म्हणाला. तो आमचाच विद्यार्थी. सहा-सात वर्षांपूर्वीं नववींत तो शेवटच्या बाकावर बसे. बसे म्हणण्यापेक्षां झोपे म्हणणें अधिक खरें. त्याच्या प्रगतिपुस्तकांत आम्हीं दोन्ही सत्रांत एकच शेरा लिहिला होता: "आळशी. लक्ष नाहीं." दहावीच्या वर्गांत तो आलाच नाहीं.

त्यानें हातांतला पाना खालीं ठेवला, आणि गाडीस स्पर्श न करतां विचारूं लागला. "किती दिवस उभी होती, सर? थंड असताना बंद पडते का गरम झाल्यावर? चोकवर चालत होती का? धूर कसा येतो?" यांतला एकहि प्रश्न व्यर्थ नव्हता. चोक ओढल्यानें हवा कमी होते व पेट्रोल अधिक ओढलें जातें; तेव्हां जें इंजिन चोकवरच चालतें, तें पेट्रोलावांचून उपाशी आहे असें समजावें. मग त्यानें वाकून पाहिलें व विचारलें, "स्क्रू कुणी फिरवला?" आम्हीं कबूल केलें. "किती फेरे?" आम्हीं मोजले नव्हते. मुलांना प्रयोगाची प्रत्येक संख्या टिपून ठेवावयास सांगणाऱ्या मनुष्यास तेवढा एक प्रश्न पुरे झाला.

त्याची कामाची रीत आम्ही पाहत राहिलों. प्रथम त्यानें टाकीचें झांकण उघडून त्यांतलें हवेचें छिद्र पाहिलें. तें बुजलें तर टाकींत हवा शिरत नाहीं व पेट्रोल उतरत नाहीं; अशी गाडी कांहीं वेळ नीट धांवते, बंद पडते, आणि झांकण उघडतांच पुन्हां चालूं लागते. मग वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल धारेनें येतें का तें पाहिलें. मग प्लग काढला. प्लगावर काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. तो पांढरा फटक असेल तर कमी. तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. मग हवेचा फिल्टर झटकून पाहिला. कार्बुरेटर त्यानें सर्वांच्या शेवटीं उघडला. "सोपं आधी बघायचं, सर," तो म्हणाला, "आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही." हेंच आम्ही मुलांना प्रयोगशाळेंत वर्षानुवर्षें सांगत आलों आहों.

वाटीच्या तळाशीं मधासारखा चिकट थर होता. उभ्या गाडींतलें पेट्रोल हळूहळू उडून जातें व मागें असा राळेसारखा गाळ राहतो. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांत पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळूं लागले. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून जुन्या गाड्यांच्या मालकांनीं अधिकच जपावें. लहान जेट उजेडापुढें धरलें तर पलीकडचें कांहीं दिसेना. आम्हीं टांचणी पुढें केली. त्यानें मान हलविली. पितळ मऊ असतें. टांचणीनें छिद्र रुंदावलें कीं मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें. त्यानें सफाईचा द्रव फवारला, भिजूं दिला, आणि पंपाच्या हवेनें छिद्र मोकळें केलें. स्क्रू हलक्या हातानें पुरता आंत बसवून तेथून दोन फेरे बाहेर काढला, इंजिन तापूं दिलें, व पाव पाव फेऱ्यानें फिरवीत जेथें चाल सर्वांत स्थिर झाली तेथें ठेवला.

बोलतां बोलतां त्यानें आणखी कांहीं दुखणीं सांगितलीं. बंद गाडीच्या नळींतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटच्या सुईखालीं कचरा अडकला आहे, किंवा फ्लोट फुटून त्यांत पेट्रोल शिरलें आहे. इंजिनाची चाल आपोआप चढत-उतरत असेल तर इंजिनाकडील रबरास चीर पडून तेथून हवा शिरते. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं, सुमारें साडेतेराशें मीटरवर, हवा विरळ असते. तेथें गाडी जड चालली व काजळी धरूं लागली तर तो कार्बुरेटरचा दोष नव्हे. आणि वाटी उघडतांना जवळपास विडी, दिवा किंवा स्टोव्ह नसावा, हें त्यानें आम्हांस दोनदां बजाविलें.

गाडी पहिल्या किकेस सुरू झाली. आम्हांस राहवलें नाहीं. आम्हीं विचारलें, "तूं वर्गांत झोपत कां होतास रे?"

"पहाटे तीनला दुधाची लाइन असायची, सर. वडील आजारी होते."

"मग तेव्हां सांगितलें कां नाहींस?"

तो फडक्यानें हात पुशीत म्हणाला, "कुणी विचारलं नाही, सर." त्यांत तक्रार नव्हती. जेटांत कचरा होता, हें ज्या सुरांत त्यानें सांगितलें, त्याच सुरांत हेंहि सांगितलें.

आम्हीं फटफटीस जें केलें, तेंच त्या मुलास केलें होतें. न विचारतां निदान, आणि न मोजतां पिळणें. फटफटी चाळीस मिनिटांत बरी झाली. त्या मुलाचें दहावीचें वर्ष कोणत्या द्रवानें मोकळें व्हावें? बाहेरून परीक्षेस बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आम्ही त्याच्या गॅरेजांत नेऊन दिला आहे. "बघू, सर," एवढेंच तो म्हणाला; पण फॉर्म त्यानें परत केला नाहीं.

आतां सुटीवर जाण्यापूर्वीं आम्ही पेट्रोलचा कॉक बंद करतों व वाटी रिकामी होऊन इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत तें चालूं देतों. आणि प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिण्यापूर्वीं प्रत्येक मुलास एकेकटें जवळ बोलावून विचारतों, "बाळ, तूं सकाळीं किती वाजतां उठतोस?" यामुळें शेरे लिहावयास आम्हांस पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो. मुख्याध्यापकांनीं क्षमा करावी.