'सेटल' झालेले कर्ज

आमच्या घरांतून 'सेटल' हा शब्द मोठ्या कौतुकाने वापरतात. मुलगा नोकरीला लागला, सेटल झाला. मुलगी चांगल्या घरी गेली, सेटल झाली. त्यामुळे बँकेच्या कागदावर आपल्या कर्जापुढे 'सेटल्ड' लिहिलेले दिसले की माणसाला वाटते, सुटलो! पारशिवनीत राहून आम्ही कामठीला उर्दू शाळेत शिकवतो. गेल्या काही वर्षांत या एका शब्दाचा अर्थ पालकांना जितक्या वेळा सांगावा लागला, तितका गालिबच्या शेरांचाही वर्गात सांगावा लागला नसेल.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी 2018 साली मालवाहू ऑटोसाठी कर्ज घेतले. दोन वर्षे हप्ते नियमित गेले. मग 2020ची टाळेबंदी आली. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, ती संपली तरी भाडे काही मिळेना. हप्ते थकले, वसुलीची माणसे दारात येऊ लागली. 2022 मध्ये त्यांतलाच एकजण म्हणाला, ब्याण्णव हजार बाकी आहेत, पंचावन्न भरा, उरलेले माफ. चाचांनी चाचीचे दागिने मोडले, मेहुण्याकडून थोडे उसने घेतले आणि पैसे भरले. पत्र मिळाले. ते त्यांनी घड्या घालून कुराणशरीफच्या कपाटात जपून ठेवले.

2024 मध्ये मुलीला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जात आईवडील सहकर्जदार असतात. बँकेने चाचांचा सिबिल काढला आणि अर्ज परत केला. पत्र घेऊन ते आमच्याकडे आले. "सर, पैसे तो भर दिये, फिर ये दाग कायका?"

आता त्यांना काय सांगावे? बी.एड.ला हे कोणी शिकवले नव्हते. शेवटी हजेरीपटच कामी आला. पतअहवाल हा कर्जदाराचा हजेरीपट असतो. मागच्या 36 महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा आला, ते त्यात महिनावार दिसते. विद्यार्थ्याने दंड भरला म्हणून मागची गैरहजेरी 'हजर' होते का? थकलेले सगळे फेडले तर कर्जापुढे 'बंद' अशी नोंद होते, आणि उशिराचे महिने जुने होत जातात तसा त्यांचा भार कमी होतो. 300 ते 900 मधला तो आकडा हळूहळू चढतो, एका रात्रीत नाही. पण कमी रकमेत तडजोड केली तर नोंद 'सेटल्ड' होते. पुढची बँक ती वाचते ती अशी : या माणसाने कोणाचे तरी पैसे पूर्ण दिले नाहीत.

चाचा गप्प झाले. त्यांच्या मनात माफीचा अर्थ वेगळा होता. आमच्याकडे जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून सांगतो, मरहूमकडे कुणाचे देणे असेल तर आम्हांला सांगा, नाहीतर माफ करा. समोरचा 'माफ' म्हणाला की विषय तिथेच संपतो. बँकेची माफी वहीत राहते.

हे दुःख काही एकट्या ऑटोवाल्याचे नाही. 2017ची दीड लाखांची आणि 2019ची दोन लाखांची कर्जमाफी आमच्या तालुक्यातल्या धान-कापूसवाल्यांनी पाहिली. माफीने थकबाकी मिटते, थकल्याचे महिने मिटत नाहीत. म्हणूनच मे 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांना बँकांच्या राज्यस्तरीय बैठकीत बजावावे लागले, की पीककर्जाला सिबिल मागू नका. आणि व्याजाच्या भीतीने ज्यांनी जन्मात कर्ज घेतले नाही, त्यांच्या अहवालात पानच कोरे! तेही पूर्वी अडायचे. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे सरकारने 2025 मध्ये स्पष्ट केले.

शैक्षणिक कर्जाबद्दल केरळ उच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये म्हटले होते, की सिबिल कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याला नाकारू नये. ते आम्ही चाचांना सांगितले. पण पारशिवनीच्या बापाने कोर्ट गाठायचे की कॉलेज?

आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन अर्ज दिला : राहिलेले सदतीस हजार भरतो, नोंद बदला. मधल्या काळात एकजण भेटला होता, पाच हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणणारा. त्याला आम्ही हाकलले. नोंद कर्ज देणाऱ्यानेच कळवून बदलायची असते. सिबिल कंपनीसुद्धा ती स्वतःच्या मनाने बदलत नाही. चाचांनी तीन हप्त्यांत पैसे भरले आणि डिसेंबर 2024 मध्ये 'काही देणे नाही'चे पत्र घेतले. पहिल्या वर्षाची फी चाचीच्या भिशीतून गेली.

वर्षाला एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आम्ही मोबाईलवर त्यांच्यासमोर काढला. 'सेटल्ड' गेले होते, 'बंद' आले होते. 561चे 643 झाले होते. उशिराचे महिने मात्र तसेच. चाचांनी एकेक महिन्यावर बोट ठेवत विचारले, हा कोणता, हा कोणता? "ये वाला तो लॉकडाउन के बाद का है सर, उस महिने घर में आटा नहीं था." ते लिहायला अहवालात रकाना नाही.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज त्यांनी मुलीसोबत स्वतः जाऊन दिला. ऑगस्ट 2025 मध्ये मंजुरी आली. त्या संध्याकाळी पहिला फोन त्यांनी मेहुण्याला केला. त्याचे उसने अजून द्यायचे आहेत.