कुंडी बदलली, पण हवा?

माझ्याकडे एक ऑर्किड आहे. चार वर्षांत ते एकदाच फुललं, आणि तेही मी विकत घ्यायच्या आधी!

झालं असं, की चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका ट्रॅव्हल स्टोरीसाठी मी कालिम्पाँगला गेले होते. उत्तर बंगालमधलं हे डोंगरातलं गाव नर्सऱ्यांसाठी प्रसिद्ध. एका नर्सरीत सिम्बिडियमच्या कुंड्यांची रांग लागली होती. लांब, गवतासारखी पानं आणि त्यातून वर आलेले फुलांचे दांडे. पोपटी रंग, मधल्या पाकळीवर मरून ठिपके. एकेका दांड्यावर दहा-बारा फुलं. मी तिथेच खल्लास! नर्सरीवाला म्हणाला, "दीदी, इस को ठंड चाहिए." मी ऐटीत म्हटलं, "पुणे में भी ठंड होती है." तो नुसताच हसला. त्या हसण्याचा अर्थ मला कळायला तीन वर्षं लागली.

बागडोगराहून मांडीवर घेऊन आणलेलं ते झाड पुण्यात माझ्या बाल्कनीत आलं. असलेली फुलं यथावकाश गळली आणि मग... नुसती पानं. पुढच्या वर्षी पानं, त्याच्या पुढच्या वर्षीही पानं. या काळात मी एक नोकरी सोडली, फ्रीलान्सिंग सुरू केलं, दोन फ्लॅट बदलले. झाड प्रत्येक वेळी टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी. फूल मात्र नाही.

याच काळात बाबा गेले. आई पाचगणीच्या घरात एकटी. ती शाळेतून रिटायर झालेली, मी एकुलती एक. तुमच्यापैकी ज्यांचे आई-वडील गावी आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री अकरानंतर फोन वाजला की पोटात गोळा. शेवटी मी तिसरा फ्लॅट घेतला, दोन बेडरूमचा, खास तिच्यासाठी. लिफ्ट आहे, खाली मेडिकल आहे, समोर भाजीवाला, हाकेच्या अंतरावर हॉस्पिटल. भाडं ऐकून माझ्या मैत्रिणींनी कपाळावर हात मारला. पण आई दिवाळीत आली. कायमची. मी स्वतःवरच खूश!

आई कशाचीच तक्रार करत नव्हती. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

तर, गेल्या वर्षी फेब्रुवारीतला एक रविवार. झाडाला फूल का येत नाही याचं उत्तर मी शोधून काढलं होतं: कुंडी लहान पडतेय. पुरावाही होता. मुळं कुंडीच्या कडेवरून बाहेर डोकावत होती, आतल्या सालीचा भुगा झाला होता. सिम्बिडियमची कुंडी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. झाड मोठं होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे ते ज्यात लावलेलं असतं ते कुजतं, पाणी धरून ठेवतं आणि मुळांचा श्वास कोंडतो. फुलांचा मोसम संपत आला, नवे कोंब फुटायला लागले, की हे काम करायचं. आमच्याकडे फुलांचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे वेळ सोयीची होती!

आदल्या रात्री नारळाच्या सोडणाचे तुकडे बादलीत भिजत घातले होते. सकाळी तीन-चार पाण्यांनी धुतले, कारण सोडणात क्षार असतात आणि ते या मुळांना सोसत नाहीत. जोडीला लोणारी कोळसा आणि विटांचे बारीक तुकडे. माती अजिबात नाही. आईला हे पटेना.

"मातीशिवाय कसं जगतं गं? बांडगूळ आहे की काय?"

"नाही. याचे हिमालयातले पूर्वज झाडाच्या ढोलीत, खडकाच्या फटीत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतात. दुसऱ्याचा आधार घेतात, पण त्याचं खात नाहीत."

"म्हणजे पेन्शनर," आई म्हणाली.

झाड कुंडीतून निघता निघेना. कुंडी आडवी करून, थोपटून, सुरी फिरवून शेवटी एकदाचं बाहेर आलं, तर कुंडीच्या आकाराचा मुळांचा गोळाच! आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून बसलो. चांगलं मूळ कसं असतं माहितेय? पांढरट, टणक, शेवयांपेक्षा जाड. मेलेलं मूळ तपकिरी असतं, दाबलं की पिचकतं, आणि ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात नुसता दोरा उरतो. आईने अर्ध्या तासात हे शास्त्र आत्मसात केलं. माझ्या हातून दोन चांगली मुळं तुटली, तिच्या हातून एकही नाही.

मुळं सुटी झाल्यावर सात कंद दिसले. बुडाशी कांद्यासारखी फुगलेली खोडं, त्यांत झाड पाणी आणि अन्न साठवून ठेवतं. वाटणी करायची तर एका कुंडीत निदान तीन-चार कंद एकत्र हवेत, नाहीतर झाड सावरण्यातच वर्षं घालवतं. मी सुरी स्पिरिटने पुसली, आईने जागा दाखवली, आणि एका झाडाची दोन झाली. चार कंद एकीकडे, तीन दुसरीकडे. कापलेल्या जागी आईने हळद लावली. मी काही बोलले नाही. आमच्या घरात गुडघा फुटला तरी हेच.

मी आणलेली मोठ्ठी सिरॅमिकची कुंडी बाद झाली. कुंडी जेमतेम दोन वर्षांच्या वाढीपुरतीच घ्यायची. मोठ्या कुंडीत ओल राहते आणि मुळं कुजतात. मग साध्याच दोन उभट कुंड्या काढल्या. जुने कंद कडेला, नवे कोंब मोकळ्या जागेकडे, आणि कंदांचं बूड वरच्या थराच्या पातळीला. खोल पुरायचं नाही. आई बोटांनी सोडणाचे तुकडे दाबून बसवत होती. मध्येच म्हणाली,

"याला थंडी नेमकी कधी लागते गं?"

मी माझा सगळा अभ्यास ओतला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत रात्री गार हव्यात, १०-१५ अंशांच्या आसपास असल्या तर उत्तम. दिवस-रात्रीच्या तापमानात चांगला फरक हवा. त्या काळात फुलाचा दांडा आत तयार व्हायला लागतो, आणि पुढे हिवाळ्यात किंवा वसंतात फूल.

"ऑक्टोबरमध्ये? पुण्यात?"

मी गप्प. ऑक्टोबर हीटमध्ये मी स्वतः कूलरसमोरून हलत नाही.

"पण डिसेंबरात पेपरला येतं ना, पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड म्हणून," मी शेवटचा प्रयत्न केला.

"येतं की. पण तोवर याची वेळ निघून गेलेली असते." तिने शेवटचा तुकडा बसवला. "कुंडी छान आहे हो. कुंडीचा काही दोष नाही."

आम्ही दोघींनीही वर पाहिलं नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "तुला परत जायचंय का?" ती म्हणाली, "हात धुऊन येते." आल्यावर म्हणाली, "पावसाच्या आधी गेले, तर छपराची कामं करून होतील."

खरं सांगू? मला राग आला. दोन दिवस मी धड बोलले नाही. तिच्यासाठी घेतलेला फ्लॅट, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, सगळं मनात मोजून झालं. मग हळूहळू बाकीचंही आठवायला लागलं. पहाटे पाचला बाल्कनीत नुसती बसलेली आई. बिल्डिंगमध्ये चार महिन्यांत एकाही बाईला नावाने हाक न मारणारी आई, जी पाचगणीच्या बाजारात दहा पावलं नीट चालू शकत नाही, कारण दर पावलाला कुणी विद्यार्थी भेटतो. मी तिला लिफ्ट दिली, मेडिकल दिलं. हवा कुठून देणार होते?

नवीन कुंडीतल्या झाडाला पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवायचं असतं आणि पाणी बेतानेच द्यायचं असतं, जखमा भरेपर्यंत. आम्ही दोघींनीही तेवढे दिवस घेतले. मग यादी केली. शेजारच्या काकूंकडे किल्ली. रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल. बाथरूममध्ये धरायला दांडे. आणि दर दुसऱ्या शनिवारी मी, जेमतेम १०० किलोमीटर तर आहे.

मार्चमध्ये आई गेली. चार कंदांची कुंडी तिच्यासोबत, पुन्हा ड्रायव्हरशेजारी. गाडी निघाल्यावर मी नकाशा उघडून बसले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर. कालिम्पाँग सुमारे १,२५०. पाचगणी सुमारे १,३००! उंची सारखी म्हणून हवा तंतोतंत सारखी नसते, हे मान्य. पण पाचगणीला पाऊस लागला की दिवससुद्धा गार होतो, आणि तो गारवा नेमका याच्या वेळेवर येतो. मुसळधार पाऊस अंगावर नको, म्हणून आईने कुंडी ओटीवर पागोळ्यांच्या आत ठेवली.

पहिल्या वर्षी काही नाही. वाटणी झालेलं झाड लगेच फुलत नाही, हे मी तिला सांगितलं. "मला काय घाई आहे?" ती म्हणाली. मध्ये एकदा ती ओटीवरच घसरली, मनगट सुजलं. मी रात्री बाराला टॅक्सी करून पोचले आणि पहाटेपर्यंत तिला पुण्याला चल म्हणत राहिले. ती आली नाही. त्या रात्री कोण बरोबर होतं, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

या दिवाळीनंतर तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कंदाच्या बुडाशी हिरवं टोक. सोबत प्रश्न: "पान का फूल?" मी लिहिलं, पानांचा कोंब चपटा असतो आणि लवकर उलगडतो. फुलाचा दांडा गोल, टपोरा, मिटलेला. दाबून पाहा. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "गोल आहे. दाबणार नाही."

उमलायला अजून दोन-तीन महिने तरी लागतील. माझ्याकडची तीन कंदांची कुंडी पुण्याच्या बाल्कनीत मजेत आहे. हिरवीगार, आणि फुलाचं नाव नाही. दुसऱ्या बेडरूममध्ये माझं टेबल आलंय, पण आईचा पलंग तिथेच आहे.

फेब्रुवारीतले शनिवार मी आत्ताच ब्लॉक करून ठेवलेत. एडिटर, वाचताय ना?