सुटींतलीं कामें

शिक्षकाला उन्हाळ्यांत सुटी असते असा जो समज सुशिक्षित समाजांत रूढ आहे, त्याचा उगम कोठें असावा हें आम्हांस तीस वर्षांच्या नोकरींतहि उमगलेलें नाहीं. आमच्या उत्तर प्रदेशांतील इंटर कॉलेज म्हणजे नांवानें कॉलेज, पण वस्तुतः बारावीपर्यंतची शाळा. ती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत बंद होते व जुलै उजाडल्यावर उघडते. मधल्या चाळीस दिवसांवर घरांतील प्रत्येक माणसाची दृष्टि होळीपासूनच खिळलेली असते. कूलरमधील वाळ्याचे पडदे बदलणें, गॅसच्या दुकानीं जाऊन अंगठा उमटवून येणें, गच्चीच्या भेगा पावसापूर्वीं बुजविणें, लोणच्याच्या कैऱ्या पारखून आणणें, अशीं कामें वर्षभर "सुटींत बघूं" या सदराखालीं जमा होत जातात. आणि सुटी लागली कीं आमचें कुटुंब ती यादी सावकाराच्या थंडपणानें आमच्यापुढें ठेवतें.

परंतु २०२४ सालच्या सुटींत सर्वांत मोठें काम असें होतें कीं, तें यादींत लिहिण्याची कोणासच गरज वाटली नव्हती.

काशींत दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूच्या गल्ल्यांतून दक्षिणी ब्राह्मणांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकनाथांनीं आपलें भागवत १५७३ सालीं याच नगरींत पुरें केलें. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठीं रायगडावर गेलेले गागाभट्ट येथलेच. आणि हिंदी पत्रकारांत ज्यांचें नांव अजूनहि आदरानें घेतात, ते 'आज' पत्राचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हेहि येथल्याच एका मराठी घरांतले. अशाच एका गल्लींत आमची आई १९५८ सालीं वाईहून लग्न होऊन आली. वडील गेल्यावर तिनें क्षेत्रसंन्यास घेतला. पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. त्या गोष्टीस तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, वाईस. गुडघ्यांनीं तिला घरांत बसविलेली. दोघींची गांठ त्या अकरा वर्षांत पडली नव्हती. फोनवर बोलत, पण एकीला ऐकूं कमी येई आणि दुसरीला मोठ्यानें बोलवत नसे. तेव्हां दोघींमधला दुवा म्हणजे दोन-तीन वर्षांनीं सुटींत दक्षिणेस जाणारे आम्ही, आणि आमच्या पिशवींतील गंगाजळी. या खेपेस आईनें गंगाजळीबरोबर स्वतःच्या हातचें एक पत्र दिलें. पाकीट चिकटविलेलें होतें. "तिच्याजवळ बसून वाचून दाखव," एवढेंच ती म्हणाली.

तिकीट आम्हीं फेब्रुवारींतच काढून ठेविलें होतें, २५ मेचें. पुढें १६ मार्चला लोकसभेच्या निवडणुकीचें वेळापत्रक जाहीर झालें. १९ एप्रिलपासून १ जूनपर्यंत सात टप्पे, आणि काशी नेमकी सातव्या टप्प्यांत. मे उजाडतांच मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आमच्या नांवाचा हुकूम हातीं पडला.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सूट मागणारा अर्ज आम्हीं लिहिला. मातोश्रींचें वय शहाऐंशी, हें त्यांत खरें होतें. त्या अंथरुणास खिळल्या आहेत, हें खोटें होतें. ज्या वळणदार अक्षरांत आम्ही फळ्यावर नागरिकांचीं कर्तव्यें लिहून देतों, त्याच अक्षरांत तो अर्ज उतरला होता. आईनें तो वाचावयास मागितला. हिंदी ती सावकाश वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, "मी अंथरुणाला कधीं रे खिळलें? परवांच तर पंचगंगेवर जाऊन आलें." पंचाऐंशी वर्षांवरील मतदारांस घरबसल्या मत देण्याची सोय लोकसभेसाठीं त्या वर्षीं प्रथमच झाली होती, आणि आईचा अर्ज आम्हींच भरून दिला होता. त्याची आठवण देऊन ती म्हणाली, "माझें मत घ्यायला माणसें दोन जिने चढून येणार, आणि तूं दुसऱ्यांचीं घ्यायला जाणार नाहींस होय? मावशी थांबेल चार दिवस."

अर्ज आम्हीं फाडून टाकला. त्यांत आमचें शौर्य कांहींच नव्हतें. मुख्य साक्षीदारच फुटला होता.

३१ मेच्या दुपारीं यंत्रें, मोहरा, शाईची बाटली आणि नाना नमुन्यांचीं पाकिटें घेऊन आमची तुकडी एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत पोंचली. रात्रीं भिंतींतून ऊन निघत होतें. झोंप कोणासच आली नाहीं. पहांटे साडेपांचास उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास लटकीं मतें देऊन यंत्र पारखून दाखविलें, तीं मतें पुसलीं, आणि सातास खरें मतदान सुरू झालें. दहा वाजेपर्यंत अंगणाकडे पाहवेना. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला होता. दोनच्या सुमारास मतदारांच्या बोटास शाई लावणारा आमचा तरुण सहकारी बोलतां बोलतां अडखळूं लागला. त्याचा घाम आटला होता. पाहतां पाहतां तो बाकावरून खालीं कोसळला. रांगेंतील एका म्हातारीनें आपली ओढणी हापशाखालीं भिजवून त्याच्या छातीवर टाकली, दुसरी कोणी मीठ-साखरेचें पाणी करून घेऊन आली. त्याला गाडींत घालून दवाखान्यांत पाठविलें. त्याच्याबरोबर जावें असें मन म्हणत होतें. परंतु केंद्र सोडण्याची आम्हांस मुभा नव्हती. त्याच्या जागीं बसून आम्हीं शाईची काडी हातांत घेतली. डाव्या हाताच्या तर्जनीवर नखापासून एक रेघ ओढावयाची, इतकें सोपें काम. पण पहिल्या दहा-बारा मतदारांच्या बोटांवर ती रेघ वांकडीच उमटली.

सहा वाजतां रांग संपली. यंत्र बंद करून मोहरबंद केलें, मतांचा आंकडा नमुना सतरा-सी मध्यें भरला, आणि मध्यरात्रीनंतर घरीं आलों. पुढें वर्तमानपत्रांत आलें कीं, त्या अखेरच्या टप्प्यांत उत्तर प्रदेशांत मतदानाच्या कामावरील ३३ कर्मचारी उष्म्यानें दगावल्याचें राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीं सांगितलें. त्याच आठवड्यांत दिल्लीच्या मुंगेशपूर येथें ५२.९ अंश नोंदले गेल्याचा मोठा गाजावाजा झाला होता. तेथील यंत्र तीन अंश अधिक दाखवीत होतें, असा खुलासा हवामानखात्यानें मागाहून केला. यंत्राची चूक अशी मागाहून दुरुस्त करतां येते. आमचा सहकारी दुसऱ्या दिवशीं खाटेवर बसून खिचडी खात होता, हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, तेव्हां कोठें आम्हांस अन्न गोड लागलें.

जुनें तिकीट केव्हांच रद्द करून टाकलें होतें. तत्काळाच्या खटपटींत दोन दिवस हात हलवीत परतलों. ४ जूनला निकाल लागले, आणि ५ तारखेची गाडी मिळाली. काशीहून पुणें सुमारें दीड हजार किलोमीटर. प्रयाग, सतना, जबलपूर हीं स्टेशनें मागें पडलीं तरी डब्यांत निकालाचा वाद चालूच होता. नर्मदेच्या पुलावर मात्र दोन्ही पक्षांनीं हात जोडले व नाणीं टाकलीं. पूल सरतांच वाद जेथें थांबला होता तेथून पुढें सुरू झाला. तापी ओलांडून भुसावळ आलें, फलाटावरून मराठी कानीं पडली, आणि आम्हीं पिशवींतील गंगाजळी उगीचच एकदां चांचपून पाहिली.

वाईलाहि लोक दक्षिण काशी म्हणतात. रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या ढोल्या गणपतीवरून आम्ही मावशीच्या दारीं पोंचलों, तों मावसभाऊ पायरीवरच बसलेला. "दादा," तो म्हणाला, "मंगळवारपर्यंत रोज विचारीत होती, काशीचा आला का म्हणून. मंगळवारीं रात्रीं अर्धांगाचा झटका आला. तुम्ही निघालांतच होतां, म्हणून कळविलें नाहीं."

मावशीचे डोळे उघडे होते. ओळख मात्र त्यांत नव्हती. गंगेचें पाणी चमच्यानें दिलें, तें तिनें गिळलें. मग तिच्याजवळ बसून आम्हीं पाकीट फोडलें. पत्र लहानसेंच होतें. पंचाहत्तर वर्षांपूर्वीं कृष्णेच्या घाटावर आईच्या हातून पितळेची कळशी निसटून वाहून गेली. घरीं येऊन तिनें धाकटीचें नांव सांगितलें, आणि धाकटीनें मार खाल्ला. "तूं तेव्हां कांहीं बोलली नाहींस. मीहि बोललें नाहीं. आतां सांगतें, कळशी माझ्याच हातून गेली." आम्हीं तें सावकाश, मोठ्यानें, दोनदां वाचलें. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं मावशीचीं उजव्या हाताचीं बोटें आमच्या मनगटावर किंचित् हललीं. डॉक्टरांच्या मतें तशी हालचाल आपोआपहि होते. २५ मेच्या तिकिटानें आलों असतों तर त्या बोटांचा अर्थ डॉक्टरांस विचारावा लागला नसता, हेंहि तितकेंच खरें.

पाऊस सुरू झाला होता. कृष्णेचें पाणी तांब्यांत भरून घेऊन आम्ही परत आलों. काशींत अद्याप लू वाहत होती. जिना चढतों न चढतों तोंच आईनें विचारलें, "काय म्हणाली?" खोटें बोलणें त्या वेळीं फार सोपें होतें, आणि कदाचित् दयेचेंहि झालें असतें. परंतु फाडलेला अर्ज डोळ्यांपुढें आला, आणि झालें तें सारें आम्हीं सांगितलें. बोटें हललीं तेंहि, आणि डॉक्टर काय म्हणाले तेंहि.

आई बराच वेळ खिडकीशीं उभी होती. मग म्हणाली, "पत्र शेवटपर्यंत वाचलेंस ना?"

"दोनदां वाचलें."

"मग झालें." तिनें तांब्या घेतला, देवघरांत गंगाजळीशेजारीं ठेवला, आणि तेथूनच विचारलें, "तो शाई लावणारा मुलगा बरा आहे ना रे?"

दुसऱ्या दिवशीं कुटुंबानें उरलेली यादी पुढें केली. गच्चीच्या भेगा पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशीं बुजविल्या. जुलैंत शाळा उघडली, तेव्हां एका सहकाऱ्यानें विचारलें कीं, "काय, सुटी कशी काय गेली?" आम्हीं म्हटलें, "कामें होतीं. बरींचशीं उरकलीं."